ऑक्सिडंट पेशी मारतात की वाढवतात? रक्तवाहिनीच्या पेशी, पेरॉक्साइड आणि कोकमाचा अर्क

एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. ती गोव्यात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी तिने रॅटच्या महाधमनीतल्या स्मूथ मसल, म्हणजे वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूच्या, पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पाहिलं. कमी मात्रेला पेशींची संख्या कंट्रोलपेक्षा वाढली, जास्त मात्रेला पेशी मेल्या. मग मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून तिने कोकमाच्या सालीचा अर्क आणि एन-ॲसिटिल सिस्टीन, म्हणजे एनएसी हे अँटिऑक्सिडंट, वेगवेगळ्या प्लेटमध्ये घातलं. मरणाऱ्या पेशी कमी झाल्या खऱ्या, पण ज्या पेशींना पेरॉक्साइड लावलंच नव्हतं त्यांचीही वाढ मंदावली. ती विचारते: ऑक्सिडंट वाईट असं आम्ही शिकलो, मग ते वाढ कशी घडवतात? अँटिऑक्सिडंटने वाढ थांबली म्हणजे माझा प्रयोग चुकला का? शिवाय एक घरचा प्रश्न: आजोबांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांना व्हिटॅमिन ई आणि सीच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

तुमचा प्रयोग चुकलेला नाही, हे आधी सांगते. पेशीतलं पेरॉक्साइड काढून घेतलं की वाढ मंदावते, हा या विषयातला पायाभूत शोध आहे. १९९५ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या टोरेन फिंकेल यांच्या गटाने तो ‘सायन्स’मध्ये मांडला. त्यांच्याही पेशी रॅटच्या रक्तवाहिनीतल्या स्मूथ मसलच होत्या. प्लेटलेटमधून निघणारा पीडीजीएफ हा वाढीचा घटक दिला की काही मिनिटांत पेशीच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड वाढायचं आणि थोड्याच वेळात ओसरायचं. पेशीत कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, वाढवून किंवा एनएसी देऊन ही लाट दाबली, तेव्हा पीडीजीएफचा संदेशच पुढे गेला नाही. प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागेना, संदेश पुढे नेणारे मॅप कायनेज जागे होईनात, डीएनए तयार होईना, पेशी सरकेनात. तुम्ही जे पाहिलंत ते याच्याशी जुळणारं आहे. मात्र ते याच कारणाने झालं की दुसऱ्या कशाने, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रकल्पाचा जीव तिथे आहे.

अडचण प्रश्नाच्या मांडणीत आहे. ‘ऑक्सिडंट चांगले की वाईट’ असं विचारलं की उत्तर निघतच नाही. रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज, म्हणजे आरओएस, हे एका रेणूचं नाव नाही. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल, पेरॉक्सिनायट्राइट असे अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे रेणू या एका नावाखाली येतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल जिथे जन्मतं तिथेच, समोर येईल त्याच्यावर तुटून पडतं, त्यामुळे निरोप पोहोचवणं त्याच्याकडून होणं शक्य नाही. सुपरऑक्साइडवर ऋण भार असतो, म्हणून पेशीपटल ओलांडणं त्याला जड जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र त्या मानाने शांत असतं, भाररहित असतं, ॲक्वापोरिन या पटलातल्या पाण्याच्या वाटेने पलीकडे जातं आणि प्रथिनांतल्या ठरावीक सिस्टीनशीच, म्हणजे गंधक असलेल्या अमिनो आम्लाशीच, चटकन वागतं. संदेशवाहकाला लागणारे गुण त्याच्याकडे आहेत. म्हणून माझ्या गटात कोणी नुसतं ‘आरओएस वाढले’ असं लिहून आणलं, तर मी पहिल्यांदा विचारते: कुठलं, पेशीत कुठे, किती आणि किती वेळ?

हे रेणू रक्तवाहिनीत येतात कुठून? पूर्वी सगळा दोष मायटोकॉन्ड्रियाच्या गळतीला दिला जायचा. ती गळती खरी आहे, पण ती एकटी नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला ज्या एनएडीपीएच ऑक्सिडेजने सुपरऑक्साइडचा मारा करतात, त्याच कुळातली एन्झाइम रक्तवाहिनीच्या पेशींतही असतात, मात्र तिथे ती कमी प्रमाणात आणि संथपणे काम करतात. १९९४ मध्ये कॅथी ग्रीन्डलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अँजिओटेन्सिन-२ दिल्यावर स्मूथ मसल पेशींमधलं हे ऑक्सिडेज जास्त काम करू लागतं. त्या शोधाने विषयाची दिशा बदलली. आरओएस ही चयापचयातली सांडलवंड असते ही समजूत मागे पडली आणि पेशी ते हेतुपूर्वक, हुकमानुसार बनवते हे पुढे आलं. हुकूम सोडणारा रेणूही साधासुधा नाही. रक्तदाबाच्या निम्म्याअधिक गोष्टीत ज्याचं नाव येतं तोच तो अँजिओटेन्सिन.

या ऑक्सिडेजना थोडक्यात नॉक्स म्हणतात आणि त्या कुळातली चार मंडळी तुम्हाला लागतील. नॉक्स-१ स्मूथ मसलमध्ये असतं आणि वाढीच्या संदेशांनी वर जातं. नॉक्स-२ एंडोथेलियममध्ये, म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तरात, आणि पांढऱ्या पेशींत असतं. नॉक्स-४ दोन्हीकडे भरपूर असतं, सतत चालू राहतं आणि मुख्यतः थेट पेरॉक्साइडच बाहेर टाकतं. नॉक्स-५ माणसात आहे, पण रॅट आणि माउसमध्ये त्याचं जनुकच नाही. तुमच्या पेशी रॅटच्या आहेत, तेव्हा माणसाच्या रक्तवाहिनीबद्दल निष्कर्ष लिहिताना हे वाक्य प्रबंधात यायला हवं. परीक्षक ते विचारतातच.

आता पेरॉक्साइडने वाढ कशी होते ते पाहू. पेशीत दोन कामं अखंड चालू असतात. कायनेज प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात आणि फॉस्फटेज तो उतरवतात. वाढीचा घटक रिसेप्टरला बसला की कायनेज जागे होतात, पण शेजारी फॉस्फटेज तितक्याच तत्परतेने फॉस्फेट उतरवत बसले तर संदेश पुढे सरकणार कसा? टायरोसिन फॉस्फटेजच्या सक्रिय जागी एक सिस्टीन असतं आणि आजूबाजूच्या रचनेमुळे शरीराच्या पीएचला ते थायोलेट रूपात, म्हणजे ऑक्सिडेशनला तयारच असतं. पेरॉक्साइड आलं की त्याचं सल्फेनिक आम्ल होतं आणि फॉस्फटेज तात्पुरतं बंद पडतं. कायनेजचं पारडं जड होतं, संदेश पुढे जातो. काही मिनिटांनी ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन ते सिस्टीन पूर्ववत करतात, फॉस्फटेज पुन्हा कामाला लागतं, संदेश थांबतो. पीटीपी-१बी, एसएचपी-२ आणि पीटीईएन या तिन्ही फॉस्फटेजवर हे दिसलं आहे. पीटीईएनमध्ये तर १२४ आणि ७१ क्रमांकांची दोन सिस्टीन एकमेकांशी डायसल्फाइड बंध बांधतात.

तुमच्या आलेखाचा चढ-उतार यातूनच समजतो. पेरॉक्साइड बेताचं असेल तर ऑक्सिडेशन सल्फेनिक आम्लापाशी थांबतं आणि उलटवता येतं. जास्त झालं, जास्त वेळ राहिलं, की सिस्टीन सल्फिनिक आणि सल्फोनिक आम्लापर्यंत जातं. फॉस्फटेजच्या बाबतीत तिथून परतीची वाट नाही. त्यातच मोकळं लोह असेल तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होऊन डीएनए आणि पटलाला इजा होते. वाढ आणि मृत्यू या दोन वेगळ्या रसायनांच्या कथा नाहीत, मात्रा आणि वेळ बदलली की एकाच रेणूचे हे दोन शेवट होतात.

इथे एक कोडं आहे आणि ते मला आजही विलक्षण वाटतं. पेशीत पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रथिनं मुबलक असतात आणि ती पेरॉक्साइड गिळण्यात फॉस्फटेजच्या सिस्टीनपेक्षा कितीतरी पटींनी जलद असतात. मग फॉस्फटेजच्या वाट्याला पेरॉक्साइड उरतं तरी कसं? उत्तराचा एक भाग जागेत आहे. वाढीचा घटक बसल्यावर पटलाजवळच्या पेरॉक्सिरेडॉक्सिन-१ वर, १९४ क्रमांकाच्या टायरोसिनला फॉस्फेट लागतं आणि तेवढ्या जागेपुरतं ते निष्क्रिय होतं. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. आपल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीत बांध शाबूत ठेवून मानशीच्या दारातून ठरावीक वेळी, ठरावीकच खारं पाणी आत घेतात, तसंच हे आहे. बांध फुटला तर तेच पाणी शेत बुडवतं. पेशीतलं पेरॉक्साइड साधारणपणे काही नॅनोमोलर इतकंच असतं आणि संदेशाच्या वेळी ते वाढलं तरी शंभर नॅनोमोलरच्या आसपास. आपण प्लेटमध्ये शंभर-दोनशे मायक्रोमोलर ओततो. आत त्याचा फार थोडा अंश पोहोचतो हे खरं, पण तो सगळ्या बाजूंनी एकदम येतो. पेशी स्वतः बनवते तेव्हा तसं होत नाही. हा फरक प्रयोगाचा अर्थ लावताना सोडू नका.

दुसऱ्या बाजूनेही पुरावा आहे. १९९२ मध्ये राव आणि बर्क यांनी दाखवलं होतं की बाहेरून दिलेलं पेरॉक्साइड स्मूथ मसल पेशींची वाढ आणि वाढीशी निगडित जनुकं चालू करतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने उलट बाजू तपासली. स्मूथ मसल पेशींत मानवी कॅटलेज जास्त प्रमाणात बनवायला लावलं, तर पेशींची वाढ तर कमी झालीच, शिवाय ॲपॉप्टोसिस, म्हणजे पेशींनी स्वतःच ओढवून घेतलेला मृत्यू, वाढला. बाहेरून काही घातलेलं नसताना! म्हणजे जगण्यासाठीही या पेशींना थोडं पेरॉक्साइड लागतं. पेरॉक्साइड न लावलेल्या तुमच्या पेशी एनएसीमध्ये मंदावल्या, त्याकडे या नजरेने बघा.

पण सगळ्या संदेशांना सारखंच पेरॉक्साइड लागतं असंही नाही. पीडीजीएफच्या मार्गात मॅप कायनेजपैकी ईआरके त्यावर अवलंबून दिसला. अँजिओटेन्सिनच्या मार्गात मात्र पी-३८ आणि एकेटी हे दुसरे कायनेज अवलंबून निघाले, ईआरके फारसा नाही. परिणामही वेगळे आहेत: पीडीजीएफने पेशींची संख्या वाढते, अँजिओटेन्सिनने बहुधा पेशी आकाराने फुगते. नॉक्स-१ आणि नॉक्स-४ मध्येही असाच फरक आहे. नॉक्स-१ पृष्ठभागावरच्या कॅव्हिओलिनच्या सोबतीला सापडतं आणि वाढीला जोर देतं. नॉक्स-४ पेशी जिथे बुडाला पकड घेते त्या जागी असतं आणि पेशीला तिच्या परिपक्व, आकुंचन पावणाऱ्या रूपात टिकवायला लागतं. दोघांचाही शेवटचा माल पेरॉक्साइडच, पण जागा बदलली की निरोप बदलला. म्हणून ‘वाढ’ मोजताना नुसतं एमटीटी, म्हणजे जिवंत पेशींमुळे येणारा जांभळा रंग मोजणारी चाचणी, करू नका. पेशींची मोजणी, डीएनएची निर्मिती आणि प्रति पेशी प्रथिन या तिन्ही गोष्टी वेगळ्या पाहा.

एंडोथेलियमचं गणित आणखी निराळं. व्हीईजीएफ हा वाढीचा घटक त्याच्या रिसेप्टर-२ ला बसला की रॅक-१ या प्रथिनामार्फत नॉक्स-२ चालू होतं, पेरॉक्साइड बनतं, रिसेप्टरचं फॉस्फरिलेशन टिकतं, पेशी सरकतात आणि नव्या केशवाहिन्या फुटतात. नॉक्स-२ नसलेल्या माउसच्या पायाचा रक्तपुरवठा तोडला तर नव्या वाहिन्या कमी बनतात. जखम भरायला, रक्त न पोहोचणाऱ्या भागाला वाट काढून द्यायला हे लागतं. दुसरीकडे, याच एंडोथेलियममध्ये नायट्रिक ऑक्साइड वाहिनी सैल ठेवतं, आणि सुपरऑक्साइडने त्याला गाठलं की दोघांची प्रक्रिया एसओडी या सुपरऑक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमच्या झडपेपेक्षाही वेगाने होते. नायट्रिक ऑक्साइड संपतं, पेरॉक्सिनायट्राइट बनतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला लागणारं टेट्राहायड्रोबायोप्टेरिन ते खराब करतं आणि मग ते एन्झाइमच उलटं सुपरऑक्साइड बनवू लागतं. मधुमेह, धूम्रपान आणि उच्च रक्तदाबात रक्तवाहिनी ताठर होते त्यामागे हे चक्र आहे. गुंतागुंत इथेच संपत नाही. काही लहान वाहिन्यांत एंडोथेलियमने सोडलेलं पेरॉक्साइड स्वतःच वाहिनी सैल करतं. ते २००० मध्ये शिमोकावा यांच्या जपानी गटाने माउसच्या आतड्याकडच्या धमन्यांत दाखवलं.

तेव्हा काय कशावर अवलंबून आहे? रेणू कुठला, तो पटलाशी बनला की मायटोकॉन्ड्रियात, लाट मिनिटांची की महिन्यांची, पेशी एंडोथेलियमची की स्मूथ मसलची, वाहिनी मोठी की केसाएवढी, आणि रक्त सरळ वाहतं की भोवऱ्यात. शेवटची गोष्ट विद्यार्थी विसरतात. मानेतली कॅरॉटिड धमनी जिथे दुभागते तिथे प्रवाह विस्कटतो, ऑक्सिडेज वर राहतं आणि चरबीचे थर धरायला तीच जागा आवडीची असते. सरळ भागातल्या पेशी त्याच माणसाच्या, त्याच रक्तात, तरी निरोगी.

आता तुमच्या प्लेटकडे येते. इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट पेरॉक्साइडची बाटली. ३० टक्क्यांचं द्रावण ताजं असताना सुमारे ९.८ मोलर असतं, पण उघडझाप, उजेड आणि उष्णता यांनी ते उतरतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, फ्रीज तासन्‌तास बंद राहतो, बाटलीवरचा आकडा तोच राहतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी २४० नॅनोमीटरला शोषण मोजा. मोलर गुणांक ४३.६ धरतात. दहा मिलिलिटर पाण्यात दहा मायक्रोलिटर घातलं तर ताज्या बाटलीचं वाचन ०.४३ च्या जवळपास यायला हवं. क्युव्हेट क्वार्ट्झचाच घ्या, साधं प्लॅस्टिक या तरंगलांबीला स्वतःच प्रकाश अडवतं.

मग मीडियाची बाटली फिरवून लेबल वाचा. डीएमईएम या पेशी वाढवायच्या मीडियाच्या काही प्रकारांत लिटरमागे ११० मिलिग्रॅम सोडियम पायरुव्हेट असतं, म्हणजे एक मिलिमोलर. पायरुव्हेट पेरॉक्साइडशी थेट प्रक्रिया करून ते खाऊन टाकतं. शंभर मायक्रोमोलर पेरॉक्साइड तिथे पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच बरंचसं संपलेलं असू शकतं. सीरममध्येही असेच शोषक असतात आणि वाढीचे घटक तर असतातच, त्यामुळे पेशी आधी एक दिवस अगदी कमी सीरममध्ये ठेवून शांत करा. मात्रा लिहिताना नुसती सांद्रता लिहू नका, वेलमधला मीडिया आणि पेशींची संख्याही लिहा. दाट भरलेल्या प्लेटमध्ये पेशी मिळून पेरॉक्साइड भराभर संपवतात. विरळ प्लेटमध्ये तीच सांद्रता मारक ठरते. एकदम ओतण्याऐवजी ग्लुकोज ऑक्सिडेज घालून थेंबाथेंबाने पेरॉक्साइड बनू दिलंत तर ते शरीरातल्या परिस्थितीच्या थोडं जवळ जाईल.

आता कोकम. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आमच्याकडे उन्हाळा आला की कोणी ना कोणी विद्यार्थी रातांब्यांची, म्हणजे गोव्यात आपण भिंडां म्हणतो त्यांची, साल घेऊन येतो. सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे, सायनिडिनची अँथोसायनिन आहेत, गार्सिनॉल आहे. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या प्रयोगात आपापली लुडबुड करते.

आम्ल मीडियाचा पीएच पाडतं. एरवी फेनॉल रेड पिवळं पडून ते सांगतं, पण इथे अर्क स्वतः लाल आणि त्याचा रंगही पीएचनुसार बदलणारा. डोळ्यांवर विसंबू नका, पीएच मीटर लावा आणि अर्क ७.४ ला आणूनच वापरा. एनएसीलाही हेच लागू आहे. पाच-दहा मिलिमोलर एनएसी न उदासीन करता घातलं तर मंदावलेली वाढ ही आम्लाची करामत असू शकते. शिवाय एनएसी पेरॉक्साइडला थेट फार हळू गाठतं. ते मुख्यतः ग्लुटाथायोनला कच्चा माल पुरवतं आणि डायसल्फाइड बंध सोडवतं. पेरॉक्साइडच जबाबदार आहे असं म्हणायचं असेल तर पेशीत शिरू शकणारं पेग-कॅटलेज वापरा, आणि उकळून निकामी केलेलं तेच एन्झाइम कंट्रोल म्हणून ठेवा.

दुसरी लुडबुड रंगाची. अँथोसायनिन ज्या पट्ट्यात प्रकाश शोषतात, त्याच्या आसपासच आरओएस दाखवणाऱ्या डीसीएफ या रंगद्रव्याची चमक मोजली जाते आणि एमटीटीचं ५७० नॅनोमीटरही दूर नाही. चमक कमी दिसली म्हणजे आरओएस कमी झाले असं नसून प्रकाशच अडला असेल. त्यात डीसीएफ मुळात पेरॉक्साइडचं थेट मापन नाहीच. त्याला पेरॉक्सिडेज किंवा लोह लागतं आणि ते स्वतः आणखी सुपरऑक्साइड बनवू शकतं. एमटीटीची अडचण उलट आहे. पॉलिफेनॉल पेशींशिवायच एमटीटीला जांभळं करतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये मीडिया, अर्क आणि एमटीटी घालून बघा. जांभळा रंग आला तर ‘अर्काने पेशी वाचवल्या’ हा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागेल. ट्रिपॅन ब्लू लावून केलेली साधी मोजणी इथे जास्त विश्वासाची.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: अँटिऑक्सिडंट म्हणून घातलेले पॉलिफेनॉल डीएमईएमसारख्या मीडियात हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ बॅरी हॅलिवेल यांनी हे वारंवार दाखवून सावध केलं आहे. म्हणजे तुम्ही पेशीला वाचवायला जे घालता तेच पेरॉक्साइडचा पुरवठा करत असेल! मग पेशी त्या छोट्या माऱ्याने सावध होऊन नंतरच्या मोठ्या माऱ्यात तगल्या, असंही स्पष्टीकरण शक्य आहे. हे वेगळं करायचा मार्ग सोपा आहे. पेशी नसलेला मीडिया, त्यात अर्क, ३७ अंशांवर दोन तास, आणि ॲम्प्लेक्स रेडने पेरॉक्साइड मोजा. रंगाचा अडथळा इथेही येतो, म्हणून कॅटलेज घातलेली जोडनळी ठेवा आणि दोघींतला फरकच खरा माना. मग पेशींवर अर्क देताना मीडियात कॅटलेज घालून बघा. अर्काचा परिणाम नाहीसा झाला तर तो बाहेर बनलेल्या पेरॉक्साइडचा होता.

एवढं झालं की मग यंत्रणेकडे वळा. पीडीजीएफ द्या आणि दोन, पाच, दहा, तीस मिनिटांना ईआरके आणि एकेटीचे वेस्टर्न ब्लॉट करा. लाट मिनिटांची असते, चोवीस तासांनी प्लेट उघडली तर ती केव्हाच विरलेली असणार. नॉक्सचा हात दाखवायचा असेल तर एसआयआरएनएने, म्हणजे जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने, नॉक्स-१ दाबा. अपोसायनिन हे रोधक रसायन स्वस्त आहे, सगळे वापरतात, पण ते नेमकं नॉक्सलाच रोखतं असा दावा करू नका. डीपीआय हे दुसरं रोधक तर सगळीच फ्लेव्हिन एन्झाइम बंद पाडतं, मायटोकॉन्ड्रियातलीही.

आता आजोबा. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवताना वाहिनीचं अस्तर खरवडलं जातं, तिथे प्लेटलेट जमतात, पीडीजीएफ सोडतात आणि स्मूथ मसल पेशी आत सरकून वाढू लागतात. तुम्ही प्लेटमध्ये जी वाढ पाहताय तीच तिथे वाहिनी पुन्हा अरुंद करते. म्हणून तर औषधी स्टेंटवर सिरोलिमससारखं वाढ रोखणारं औषध लावतात. मग अँटिऑक्सिडंटने हे थांबायला नको का? हा विचार अनेकांनी केला आणि माणसांवर तपासलाही. १९९७ च्या एका चाचणीत प्रोबुकॉल या औषधाने फुग्यानंतरचं अरुंद होणं कमी झालं, पण बीटा कॅरोटीन, सी आणि ई यांच्या मोठ्या मात्रांनी झालं नाही. २००० च्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई सुमारे साडेचार वर्षं दिलं, फायदा दिसला नाही. २००२ च्या ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोक होते, तिथे ई, सी आणि बीटा कॅरोटीन पाच वर्षं देऊनही हृदयविकार कमी झाले नाहीत. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त झाल्याचं आढळलं होतं.

असं का व्हावं, याचं माझं उत्तर तुमच्या प्लेटमध्येच आहे. ज्या लहान, जागच्या जागी उठणाऱ्या लाटेने जखम भरते, नव्या वाहिन्या फुटतात, ती आणि जी रात्रंदिवस वाहिनीला ग्रासते ती, दोन्हींमध्ये गोळी फरक करत नाही. शिवाय व्हिटॅमिन ई पेरॉक्साइडला फारसं गाठतच नाही, त्याचं काम पटलातल्या चरबीत. उपाय असलाच तर उगमापाशी. अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या ऑक्सिडेजला मिळणारा हुकूमच कमी करतात. स्टॅटिन रॅक-१ ला पटलावर बसू देत नाहीत, त्यामुळे ऑक्सिडेज जुळायला अडचण येते. साखर ताब्यात राहिली तर मायटोकॉन्ड्रियातली सुपरऑक्साइडची गळती कमी होते. ही शेवटची गोष्ट आपल्या राज्यात फार मोलाची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

त्यामुळे गोळ्या मी सुरू करणार नाही. स्टेंटनंतर आजोबा बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेत असतील. त्यात मोठ्या मात्रेचं व्हिटॅमिन ई मिसळलं तर रक्तस्राव वाढू शकतो. कोणी आधीच आणून दिल्या असतील तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना ती बाटली दाखवा, आणि चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. सोलकढी मात्र खुशाल द्या. पोटातून रक्तात पोहोचणारे पॉलिफेनॉल तुमच्या प्लेटमधल्या मात्रेच्या मानाने अगदी थोडे असतात, तेव्हा औषध म्हणून नाही, जेवणात आवडते म्हणून. रक्तदाब असेल तर तिच्यात मीठ बेताचं घाला, आणि सोलां मीठ लावून वाळवलेली असतील तर वरून घालूच नका.